कप्तानकाकांची होडी

घराबाहेर पाऊल टाकण्याआधी कप्तानकाका लिंबाच्या शेंड्याकडे बघत. पानं किती हलतात, कुठं झुकतात हे पाहून मगच चप्पल घालत. माझे हे चुलते नौदलातून निवृत्त होऊन वडीगोद्रीच्या पुढं, गोदाकाठच्या आमच्या गावी परतले होते. समुद्र सुटला, पण वाऱ्याचा नाद सुटला नाही. बंधाऱ्यामागं साठलेल्या पाण्याच्या फुगवट्यावर फिरायला त्यांनी शिडाची छोटी होडी बांधली. गाव हसलं. काका म्हणाले, "हसू द्या. पाणी हाय, वारं हाय, मंग होडी का नको?"

काकू मात्र हसल्या नाहीत. काका जहाजावर असताना त्यांनी सगळी वर्षं धास्तीत काढली होती. त्यात एका उन्हाळ्यात डोलकाठीला ताणून धरणारा नायलॉनचा दोर भर पाण्यात तुटला आणि काठी काकांच्या खांद्याला घासून पडली. वल्ही मारत ते कसेबसे काठाला आले. काकू एवढंच म्हणाल्या, "ह्या दोरांवर आता पाण्यात जायचं न्हाई."

"बराबर हाय," काका म्हणाले आणि मला घेऊन थेट जुन्या जालन्यात गेले. स्टीलची तार मागितल्यावर दुकानदारानं विचारलं, "विहिरीवरच्या मोटरीला का?"

"न्हाई, जहाजाला." काकांचा चेहरा इतका गंभीर, की दुकानदारानं चहाच मागवला.

अंगणात आम्ही सगळे दोर उतरवले, तारा लावल्या, खाली आवळायचे स्क्रू बसवले. काका एकेक तार बोटानं छेडून ऐकत. "एकीकडून जास्त ओढलं की काठी वाकती. दोन्हीकडून सारखं धराया पाह्यजे."

होडी पाण्यात सोडताना काकूंनी काठावर त्रिशरण म्हटलं. आम्ही मध्यावर पोचलो आणि पश्चिमेकडून वाऱ्याचा झोत आला. होडी एका कुशीवर कलली, पाणी आत येऊ लागलं. मी बाक घट्ट धरला. काका ओरडले, "वर बघ! काठी हालली का?"

काठी ताठ होती. तारा नुसत्या घुमत होत्या. काकांनी शीड ढिलं सोडलं, होडी सावरली, आणि आम्ही दोघंही मोठ्यानं हसत सुटलो.

काठावर काकूंनी आधी तारांना हात लावून पाहिला. मग पदर खोचून म्हणाल्या, "सरका जरा. मला बी एक चक्कर मारून आणा." पुढं कित्येक संध्याकाळी ती दोघं मला पाण्यावर दिसत.

गेल्या हिवाळ्यात काका दुपारच्या झोपेतच गेले. मी धावत पोचलो, तर काकू त्यांच्या उशाशी शांत बसल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "जन्मभर वाटायचं, पाणी नेतंय ह्यांला. घरात गेले रे, बाबा. माझ्याजवळ गेले."