शेवटचं पान पुठ्ठ्याखाली

अंबडला आमच्या घराजवळ जुनी कॉमिक्स भाड्यानं देणारं एक दुकान होतं. दुकानदार काका लई चिकट. पुस्तक टिकावं म्हणून ते खळ लावून शेवटचं पान पुठ्ठ्याला चिकटवून टाकायचे. त्यामुळं तिथली प्रत्येक गोष्ट एक पान आधीच संपायची. पुढचं ज्यानं त्यानं मनानं रचायचं, आन् त्याचं कुणाला काही वाटायचं न्हाई.

एका कॉमिकात राजपुत्र शापानं बाई होतो. तळ्यातून बाहेर येते ती लांब केसांची, हातात तीच तलवार. मंग ती लढाई जिंकते, सिंहासनावर बसते, आणि लगेच पुठ्ठा! मला सगळे पोरगा म्हणायचे. मी पोरगा न्हाई, हे मला एकटीलाच ठाऊक होतं. सांगणार तरी कुणाला, कपाळ! तेच कॉमिक मी पुन्हा पुन्हा आणायचे. ती कायमची राणीच राहिली, असं मी पक्कं धरून चालले होते. त्याच भरवशावर मोठेपणी घर सोडलं, जालन्यात खोली घेतली, साडी नेसून शिवणकाम करू लागले.

परवा ब्लाउजच्या कटिंगसाठी जुने पेपर आणायला रद्दीवाल्याकडं गेल्ते. तिथं तेच कॉमिक दिसलं, बिनपुठ्ठ्याचं. उभ्या उभ्या शेवटचं पान उघडलं. शाप उतरला होता. मिशा परत आल्या होत्या, आई-बाप आनंदानं रडत होते, आख्खी नगरी नाचत होती. अस्सा राग आला! अरे, तिला विचारलं का कुणी? मंग तिथंच रडू फुटलं. माझ्यासारखं एवढंच एक माणूस मला माहीत होतं, तेही कागदावरचं, आन् तेही गेलं.

आज आईचा फोन आल्ता. धाकट्या भावाचं लग्न ठरलंय. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच तिनं बोलावलं.

"ये बाबा लग्नाला," ती म्हणाली. "फक्त केस काप, शर्ट-पँट घालून ये. समदे किती खूश होतील."

"आई, साडीच नेसून येईन गं. मागं बसते, कुणाशी बोलणार पण न्हाई."

तिच्या मागं बायकांचं हसणं ऐकू येत होतं. "मंग राहू दे," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात कुणीतरी तिला विचारलं, "कुणाचा फोन हाय वं?"

"राँग नंबर," आई म्हणाली.

तरी फोन तिनं ठेवला न्हाई. मीपण कानाला लावून बसले.