गणपतीसाठी सोडलेली हवा

अगो, अशी लांब काय बसतेस? जवळ ये. गेल्या चवथीला आली नाहीस, कान पिळायला हवा तुझा! आमचा गणपती सांभाळणारा तो माणूस बघायचा राहिला ना?

माझ्या बाबूने पिकअपला मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर हवेचे फुगे बसवलेत. आंब्याच्या पेट्या भरल्या की गाडी मागून बसायची, म्हणून. हवा भरायचा पंपही गाडीतच. त्याच गाडीतून आम्ही पिंगुळीहून मातीची मूर्ती आणत होतो. मी मागे मूर्ती धरून बसलेली, आणि गाडी अशी उसळत होती की देवाचा हात आता मोडतो की मग मोडतो!

वाटेतल्या गॅरेजवाल्याने ते बघून स्वतःच हात केला. बुटका माणूस, कानामागे पेन्सिल. त्याने वाकून फुगा दाबला आणि बाबूवर डाफरला, "आंब्याची हवा गणपतीक कित्याक रे? रिकामी गाडी उडतलीच!"

बाबूला वाटायचं, जितकी हवा जास्त तितकी गाडी भक्कम.

गॅरेजवाल्याने बटण दाबून हवा सोडली, थोडीच ठेवली. मग चपला काढून वर चढला, मूर्तीला हात जोडले आणि स्वतःचा चहाचा ग्लास माझ्या हातात दिला. "आजये, ह्येच्यार नजर ठेव. सांडलो तर फिरान ये."

घरापर्यंत चहा डुचमळला, पण सांडला नाही. म्हणून परत गेलोच नाही, नावही विचारायचं राहिलं. ग्लास अजून फळीवर आहे. येत्या चवथीला लवकर ये गो, दोघी मिळून त्याला नेऊन देऊ.