वाटीतली तिसरी सुपारी

मनीषाचा फोन आला तेव्हा मी शाळेत पेपर तपासत बसलो होतो. मनीषा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची सून. "मामा, आई गेल्या," एवढंच ती म्हणाली. माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते सांगायची लाज वाटते. दुःख मागून आलं. आधी आलं ते हे, की आता बहीण मला पुन्हा विचारणार नाही... शहापूरहून टोकावड्याला जायचं तर मुरबाडला गाडी बदलावी लागते. दोन्ही गाड्यांत मी धड बसलो नाही. खिडकीपाशी बसायचो, उठायचो, दाराजवळ जाऊन उभा राहायचो. कंडक्टर ओळखीचा, तो दोनदा म्हणाला, "मास्तर, बसा की जरा." त्याला आता सहा आठवडे झाले. बसवत अजूनही नाही. हा मजकूर लिहितानाही मी तीनदा उठून अंगणात जाऊन आलो आहे.

आम्ही भावंडं तिला बाय म्हणायचो. सिद्धगडाच्या पायथ्याकडचं आमचं गाव, तिथून ती टोकावड्याला दिली. माहेरी ती चांगुणा होती, लग्नात नाव बदललं आणि सुनंदा झाली. भातशेती, दोन म्हशी, तोंडाने फटकळ, आणि एक खोड. कुणी अडचणीतला माणूस भेटला की आपण म्हणतो, "काळजी करू नका, देवाला सांगतो," आणि पुढच्या वळणावर विसरून जातो. बाय विसरत नसे. ती "देवाला सांगते" म्हणाली की समोरच्याची उलटतपासणी सुरू व्हायची. शेजारच्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी तिथेच होतो. बायने विचारलं, "कंचा पाय? डावा का उजवा? आन् डाक्तर किती वाजता घेनार हाय?" काकू वैतागल्या. म्हणाल्या, "तुला काय करायचंय गो? तू नुसतं सांग ना." बाय म्हणाली, "नुसतं कसं सांगू? देवाला काय येक तूच हायस? त्यानं भलताच पाय बरा केला मंजे?"

घरी देव्हाऱ्यात तिची एक पितळी वाटी असायची. ज्याचं मागणं घातलं त्याच्या नावाची एक सुपारी त्या वाटीत पडायची. काम झालं की ती सुपारी अडकित्त्याने फोडायची आणि घरात असेल त्या प्रत्येकाला खांड द्यायची. ती तोंडात टाकल्याशिवाय उठू देत नसे. काम नाही झालं, माणूस गेला, तर सुपारी नदीला. वाटीतली कुठली सुपारी कुणाची हे तिला कसं कळायचं देव जाणे. मला तर सगळ्या सारख्याच दिसायच्या.

एकदा म्हसा गावच्या जत्रेत तिचा नवरा बैल बघत होता. विकणारा माणूस नगरकडचा. बोलता बोलता म्हणाला की बायको अंथरुणाला खिळली आहे, लक्ष लागत नाही. बैल काही पटला नाही, पण बायने त्या माणसाचं नाव, बायकोचं नाव, गाव, दुखणं सगळं विचारून घेतलं. पुढच्या वर्षी ती मला घेऊन सगळा गुरांचा बाजार पालथा घालत होती. गेल्या वर्षीच्या त्या शिंग मोडलेल्या बैलाचा मालक शोधायचा होता. मी चिडलो. म्हटलं, "बाय, तो माणूस तुला विसरला पण असेल." ती चालतच राहिली. "तो इसरला तर इसरू दे. मी देवाला सांगतलंय. काय झालं ते कळाय नको?" दुपार टळल्यावर तो सापडला. बायको बरी होती. बायने कमरेची चंची सोडली, तिथेच धुरळ्यात उकिडवी बसून सुपारी फोडली, आणि त्या माणसाला, मला, आणखी कुणा दोघा अनोळखी माणसांना खांडं वाटली. तो माणूस रडायला लागला. मला मात्र तेव्हा गाडीची घाई होती.

गाडीची घाई मला जन्मभर आहे. देव आहे की नाही याचा निकाल मी लावलेला नाही. सणाला हात जोडतो, शाळेत विज्ञान शिकवतो. पण "प्रार्थना करतो" हे मी दिवसातून चारदा मोबाइलवर लिहायचो, जोडलेल्या हातांच्या चित्रासकट. बोट लावलं की काम झालं.

बायच्या पोटात गाठ निघाली. कल्याणला दवाखान्यात दाखल केलं, ऑपरेशन ठरलं. कागद मीच भरले. नाव, वय, पत्ता, सही. संध्याकाळी तिच्या खाटेशी बसलो होतो तर तिने माझा हात धरला. असा हात तिने कधी धरला नव्हता. म्हणाली, "भाऊ, मला भ्या वाटतंय रे." मग म्हणाली, "गावाला जाऊन वाघोबाला माजं सांगशील?" वाघोबा म्हणजे आमच्या गावच्या शिवेवरचा देव, शेंदूर लावलेला दगड, वर उंबराची सावली. मी म्हटलं, "तू इथूनच सांग की. तुझी तर रोजची बोलाचाली आहे." ती हसली नाही. "आपलं आपुन मागू नाय. वशिला दुसऱ्यानं लावायचा आसतो." मी म्हटलं, "जातो. उद्याच जातो."

गेलो नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती. तिसऱ्या दिवशी मेव्हण्याकडचा साखरपुडा. मग एक दिवस नुसताच आळस... तोही लिहायलाच हवा. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. "सांगतलंस?" मी शहापूरच्या स्टँडवर होतो. म्हटलं, "हो तर. नारळ दिला."

"काय मनून सांगतलंस?"

"हेच की, सुनंदाचं उद्या ऑपरेशन आहे, सुखरूप होऊ दे."

पलीकडे दवाखान्यात कुणाचं तरी नाव पुकारत होते ते मला ऐकू येत होतं. चार दिवस तिच्या फायलीवर सुनंदा, सुनंदा लिहून तेच नाव माझ्या जिभेवर बसलं होतं. माहेरच्या देवापुढे लेकीचं माहेरचं नाव घ्यायचं, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. खरोखर त्या दगडापुढे उभा राहिलो असतो तर तोंडातून चांगुणाच निघालं असतं. शेवटी ती म्हणाली, "वाघोबा सुनंदाला नाय वळखत रे. त्याच्याम्होरं मी चांगुणा." तिच्या आवाजात राग नव्हता, हेच मला सोसत नाही. "बरं. येळ गावला का जा. जेवलास का?"

नारळ फोडल्याने गाठ विरत नाही, हे मला ठाऊक आहे. कृपा करून कुणी ते समजवायला येऊ नये. ऑपरेशन नीट झालं, ती घरी आली, नऊ दिवसांनी ताप चढला आणि दोन दिवसांत गेली. त्याचा माझ्या जाण्या-न जाण्याशी संबंध नाही. पण जन्मभर ती परक्यांच्या गुडघ्यांसाठी देवापुढे उभी राहिली, आणि तिला आत नेलं तेव्हा आपल्या नावाने कुणीही उभं राहिलेलं नाही हे तिला माहीत होतं. ते मी केलं. नऊ दिवस ती घरी होती. त्या नऊ दिवसांत मी तिला दोनदा भेटलो आणि दोन्ही वेळा डॉक्टरांबद्दलच बोललो.

बायचे दिवस झाल्यावर मनीषाने देव्हाऱ्यातली वाटी माझ्यापुढे ठेवली. आत तीन सुपाऱ्या. "ही गल्लीतल्या सुमीची, तिला दिवस गेलेत. ही माझ्या भावाच्या नोकरीची." मी तिसरीकडे बोट दाखवलं. मनीषा पदराशी चाळा करत राहिली. "ती तुमची, मामा. दवाखान्यातून आल्या त्याच दिशी टाकली. मी विचारलं, मामांना काय झालं? तर मनल्या, 'भाऊ नाय गेला वाघोबाकडं. मी नाव चुकलं मनून बोलून गेले, आता त्याच्या जिवाला लागंल. ते लागू नको देऊ, एवढंच देवाला सांगतलंय.'"

मी ओट्यावरून उठलो आणि तडक रस्त्याला लागलो. मनीषा मागून हाका मारत होती. आमच्या गावाला पोचेस्तोवर ऊन कलायला आलं होतं. वाघोबापुढे उभा राहिलो आणि मोठ्याने म्हटलं, "चांगुणा." पुढे काय मागायचं ते सुचेना. गेलेल्या माणसासाठी काय मागतात ते तिलाच विचारायला हवं होतं. नारळ दिला आणि परत टोकावड्याला आलो.

मागच्या आठवड्यात शाळेतल्या एका सरांचा मोबाइलवर मेसेज आला, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. माझं बोट सवयीने जोडलेल्या हातांकडे गेलं आणि थांबलं. उठून त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, "कोणता डोळा? आणि आईंचं माहेरचं नाव काय?" ते माझ्याकडे बघतच राहिले. पण सांगितलं त्यांनी. रविवारी वाघोबाकडे जाऊन आलो.

त्या दिवशी टोकावड्याहून निघताना मनीषाने ती तिसरी सुपारी मला दिली, बायचा अडकित्ताही दिला. "मामा, मनाला बरं वाटलं का फोडा, आमाला पन खांड द्या." दोन्ही आता या टेबलावर माझ्यापुढे आहेत. अडकित्ता मी दोनदा उघडला. फोडली तर बायचं मागणं पुरं झालं असं होईल, आणि ते मला इतक्यात पुरं होऊ द्यायचं नाही. सुपारी परत खिशात टाकतो. उद्या शाळा आहे.