अण्णांनी वाचलेले ओरखडे

शेजारच्या वहिनींचा फोन आला तेव्हा मी निशातगंजच्या बाजारात भाजीवाल्याशी मेथीवरून हुज्जत घालत होतो. "अण्णा गेले... आत्ता, चहा घेता घेता," एवढंच त्या म्हणाल्या. मेथी तिथेच राहिली. "सब ठीक तो है, बाबूजी?" असं विचारणाऱ्या त्या भैयाला मी काय उत्तर दिलं, तेही आता आठवत नाही. महिना होऊन गेला, तरी संध्याकाळी माझे पाय आपोआप त्यांच्या फाटकाकडे वळतात.

जगताप अण्णा मूळचे साताऱ्याकडचे. हवाई दलात विमानांच्या सांगाड्याची दुरुस्ती करण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली आणि निवृत्तीनंतर ते इकडे उत्तरेत, वृंदावन योजना या आमच्या वसाहतीत शेजारी राहायला आले. मी रेल्वेतला, रुळांची तपासणी करणारा इंजिनिअर. स्वभावाने तापट, हे माझ्या घरचे न विचारताही सांगतील. अण्णा मात्र थंड. त्यांचा छंद एकच, खरचटलेल्या मोटरसायकलींचं प्लॅस्टिक पूर्ववत करणं. "अण्णा, नवीन पॅनल बाजारात मिळतं की," असं मी चिडवायचो. "मिळतं ना," ते म्हणायचे आणि काम चालू ठेवायचे.

ते काम बघत बसणं म्हणजे माझी चैन होती. आधी साबणाच्या पाण्याने पॅनल धुवायचं, मग वर आलेले तुसासारखे तंतू ब्लेडने अलगद कापायचे, मग हीट गनची गरम हवा. ती एका जागी क्षणभर जास्त थांबली तरी प्लॅस्टिक चकाकतं आणि वाया जातं. अण्णांचा हात सतत फिरता असायचा. बघता बघता पांढरे पडलेले ओरखडे काळ्यात विरघळून जायचे. मूळच्या खरबरीत पोतासाठी ते गरम असतानाच प्लॅस्टिकवर जाडा पॉलिश पेपर अंगठ्याने दाबून धरत. पेपर उचलला की खूण कुठे होती ते मला सांगता यायचं नाही. इतकी वर्षं लोखंडात काढलेला माणूस मी, पण त्यांच्यासमोर शाळकरी पोरासारखा आ वासून बसायचो.

पण खरं नवल त्याच्याही आधी घडायचं. पॅनलला हात लावण्यापूर्वी अण्णा टॉर्च आडवा धरून ओरखडे वाचत. "ही गल्लीत भिंतीला घासली," "ही उभ्या उभ्या कलंडली." मालक चकित व्हायचा, कारण नेमकं तसंच झालेलं असायचं. दुरुस्ती करणाऱ्याच्या सहीवर विमान उडणार, त्यामुळे न पाहिलेल्या गोष्टीवर आयुष्यात सही केली नाही, असं ते म्हणत. त्यांचा शब्द आमच्या गल्लीत शेवटचा होता.

तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीची, केतकीची मोटरसायकल उजव्या अंगाने खरचटून घरी आली. ती अमौसीला विमानतळावर नोकरी करते. मोटरसायकल मला मुळातच मान्य नव्हती. "खड़ी थी बाबा, पार्किंग में किसी ने गिरा दी," ती म्हणाली. आमच्याकडे मी मराठीत ओरडतो आणि ती हिंदीत उत्तर देते. माझा विश्वास बसला नाही. चावी काढून घेतली आणि सांगितलं, अण्णा काय ते सांगतील. खोटं निघालं तर उद्याच्या उद्या गाडी विकतो, नोकरीचं तू तुझं बघ.

अण्णांनी टॉर्च धरला. बराच वेळ बघत राहिले, एकदा केतकीकडेही बघितलं. मग म्हणाले, "साहेब, गाडी उभीच होती." झालं... मी चावी परत दिली. एवढंच नाही, तर पुढे तीन वर्षं कोणी आलं-गेलं की मी हा किस्सा रंगवून सांगत होतो, की अण्णांमुळे माझ्या पोरीचा खरेपणा मला कळला.

तेराव्यानंतर केतकी माझ्यासमोर येऊन बसली. "बाबा, गाडी चालत होती," ती म्हणाली. चक्क मराठीत. वळणावर वाळू होती, वेग होता, गाडी घसरत गेली. कोपरही सोललं होतं, ते तिनं बाहीखाली लपवलं. ओरखडे पुढून मागे लांबच लांब गेले होते. माझ्याही डोळ्यांसमोरच होते की ते... पण अण्णा बोलले म्हटल्यावर मी माझ्या डोळ्यांचंही ऐकलं नाही.

अण्णांनी तो निवाडा दिला, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याकडे रडत गेली होती. अण्णा तिला म्हणाले, "गाडी विकली तर तू ब्रेक मारायला कधीच शिकणार नाहीस. खोटं आपण दोघंही बोललोय, तेव्हा शिक्षाही दोघांना." शिक्षा म्हणजे दर रविवारी सकाळी योजनेच्या मोकळ्या रस्त्यावर हा सत्तरीचा माणूस उन्हात उभा राहायचा आणि तिला वाळूवर, खडीवर, ओल्यात ब्रेक मारायला लावायचा. वर्षभर. मला वाटायचं, पोरगी वहिनींना मदत करायला जाते. "बाबांना मी सांगणार नाही, तू सांगायचंस. त्यांची भीती वाटेनाशी झाली की," असं त्यांनी बजावलं होतं.

मला राग यायला हवा होता. आला नाही. माझ्या पोरीला माझी इतकी भीती वाटत होती, हे लांबलचक ओरखड्यांत अण्णांनी वाचलं होतं... आणि तिच्यासाठी जन्मभराची सही पणाला लावली होती. मी केतकीला म्हटलं, "वहिनींकडे सामान पोचवायचंय, त्या लेकीकडे तेलीबागला आहेत. गाडी काढ, मी मागे बसतो."

मी तिच्या मागे कधीच बसलो नव्हतो. हात कुठे धरायचे तेही कळेना. कालव्याजवळच्या वळणावर बांधकामाची वाळू सांडलेली दिसली आणि "हळू" हा शब्द माझ्या तोंडाशी आला. पण तिनं आधीच वेग उतरवला होता. गाडी वाळूवरून सरळ, शांतपणे गेली, आणि मी डोळे मिटून घेतले.