आठवडी बाजारातली हत्यारं

माणूस गेल्यावर त्याचे किस्से वाढतात कसे? आईला विचारलं, ती उठून चुलीकडे गेली. गोविंदमामांना विचारलं, त्यांनी रंधा हातात घेतला. माझा शंकरदादा मागच्या महिन्यात तापानं गेला, आणि इतवारीतल्या आमच्या सुतारखान्यात रोज त्याचा नवा किस्सा निघतो.

गोविंदमामा आमचे मोठे मिस्त्री. गोरे देश सोडून गेले तेव्हा एका साहेबानं त्यांना आपली विलायती हत्यारांची पेटी दिली होती. दादाची सगळी हत्यारं आठवडी बाजारातली. दादाला एकच हवं होतं, मामांनी आपल्याला मिस्त्री म्हणावं. मामा म्हणायचे, "भंगारानं काम करणाऱ्याले मिस्त्री नाही म्हणत गा."

*

दादाच्या हातोड्याचं डोकं दांड्यातून सुटायचं. म्हणून घाव घालण्याआधी तो ओरडायचा, "सरका गा!"

एकदा मालक आम्हा दोघांना उशिरा आलो म्हणून झापत होते. दादानं हातोडा उचलला. उरलेलं मालक रस्त्यावरून बोलले.

*

मामा आपला रंधा मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायचे. दादानं एक दिवस त्याला काजळाची तीट लावली.

"एवढं गोरं लेकरू मामा, नजर लागन ना!"

मामांनी शिव्या घातल्या. तीट मात्र पुसली नाही.

*

दादानं नवी पटाशी आणली. पहिल्याच घावाला मूठ त्याच्या हातात राहिली आणि पातं उडून माझ्या डब्यातल्या भाकरीत घुसलं.

"काहून घेते असला माल?" मामा म्हणाले.

दादानं पातं उपसलं. "धार पाहा पहिले. भाकर कशी सरळ कापली."

*

दादाची करवत डावीकडे ओढायची. तो तिला उजवीकडे रेटून सरळ कापायचा. सवयच झाली होती. मामा जेवायला गेले तेव्हा त्यानं गुपचूप त्यांची विलायती करवत घेतली. फळी उजवीकडे वाकडी कापली गेली!

मामांनी येऊन फळी डोळ्याशी धरली. "हे काय करून ठेवलं गा?"

"तुमच्या करवतीतच खोट हाय मामा. माह्यावालीशी भांडावं लागते. हे लगेच ऐकते."

मामांनी हसू दाबलं. "धंतोलीच्या वकिलाचं दार करायचं हाय. एकट्यानं कर, तुह्याच भंगारानं. जमलं तर मिस्त्री म्हणीन."

*

दार अर्धं झालं आणि दादा गेला. मालक म्हणाले, उरलेलं गोविंद करेल. मामा लेकीच्या गावी होते. मी कोणाला विचारलं नाही. दादाची हत्यारं काढली आणि दार पुरं केलं.

मामा परतले. दाराभोवती फिरले, सांध्यांवरून बोट फिरवलं.

"खालची फळी कोणी बसवली?"

"दादानं."

"अन् वरची?"

"त्यानंच. आजारी पडायच्या आधी."

त्यांनी माझ्या अंगठ्यावरची चिंधी पाहिली. "हे काय झालं तुले?"

"कुत्रं चावलं."

मामा बाहेर थांबलेल्या वकिलाच्या गड्याला म्हणाले, "सांभाळून ने गा. शंकर मिस्त्रीचं काम हाय."

दार मागून गड्यानं धरलं. पुढची बाजू मी खांद्यावर घेतली, आणि धंतोलीपर्यंत कोणाला खांदा बदलू दिला नाही.