क्लच वायरवरची रोपं

आधी हौसाक्कांचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. हौसाक्का म्हणजे आमच्या घरमालक अण्णांची थोरली बहीण, हिर्डोशीला असतात, भात लावतात. अण्णांनी जाताना माझ्यावर एकच गोष्ट सोपवली होती. ती माझ्या हातून जाता जाता राहिली, ती अक्कांमुळे. आणि जायची वेळ आली, तीही अक्कांमुळेच...

अण्णा गेले त्याला आता महिना उलटून गेला. कापूरहोळला हायवेच्या कडेला त्यांचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज, मागं घर, आणि घराला लागून आम्हा नवराबायकोची भाड्याची खोली. मी परभणीकडची, आठवीतून शाळा सुटलेली. नवरा वरव्याजवळच्या कंपनीत, पाळ्या बदलत्या. इथं मला नावानं हाक मारणारं पहिलं माणूस अण्णा. "कांता, भाकरी तुझी, कालवण माझं," एवढ्यावर आमचं जमलं.

बेंगळूरकडून नर्सरीचा माल आणणारे ट्रक त्यांच्याकडे बिघडून थांबायचे. निघताना एखादा ड्रायव्हर खोक्यातून निसटलेलं मूठभर रोप त्यांच्या हातावर ठेवायचा. माती नको, कुंडी नको, हवेवर जगणारी रोपं. नाव ना गाव. अण्णांनी पडवीत जुनी क्लच वायर ताणून ती टांगली आणि ट्रक जिथला, ते नाव रोपाला दिलं. हुबळी, दावणगिरी, शिरा, तुमकूर, बेळगाव... मी म्हणाले, "अण्णा, चिठ्ठ्या तरी लावा." तर म्हणाले, "तुझ्या गळ्यात अडकवू का पाटी, परभणी म्हणून?" रोज सकाळी दारापासून सुरुवात करून ते हजेरी घेत पाणी द्यायचे. प्रकार बोटांनी ओळखायचे. पान पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं की नुसता फवारा. ग्रीस लावल्यासारखं गुळगुळीत लागलं की बादलीत बुडवायचं. खरखरीत रोप भिजत राहिलं तर आतून कुजतं, वरून कळतही नाही.

दवाखान्यात श्वास पुरत नव्हता तरी विचारायचे, "तुमकूर कसाय?" तुमकूरला पहिल्यांदाच कळी धरली होती. शेवटच्या संध्याकाळी एवढंच म्हणाले, "वायर सांभाळ." मी हो म्हणाले. सकाळी ते नव्हते.

दहाव्याचं सामान आणायला मी भोरला गेले होते. परत आले तर पडवीतली वायर रिकामी. मागं धावले, तर मोरीच्या पाण्यावर चिखल करून वाफा केलेला आणि त्यात सगळी रोपं भातासारखी एका ओळीत लावलेली. हौसाक्का तांब्यानं वरून पाणी घालत होत्या. दुखवट्याला येऊन नुसतं बसून त्यांचे हात आखडले होते.

"वाळून कोळ झालती गं. म्हनलं, भाऊ गेला, झाडं तरी जगूंद्या."

"अक्का, ह्यांना माती चालत नाही."

"माती चालत न्हाई असं झाड जलमतं व्हय?"

लावली कधी, तर मी गेल्या गेल्याच. म्हणजे दिवसभर बुडखे चिखलात आणि पानं उन्हात. ही रोपं पाणी पितात ती पानांनी. खरखरीत रोपांना ताबडतोब वारा हवा होता, गुळगुळीतांना बादली. पण कुठलं कुठलं? दोन उपटून नळाखाली धरली. ओलं झाल्यावर सगळंच हिरवं दिसतं, सगळंच गुळगुळीत लागतं. मोबाईलवर फोटो काढून शोधलं, तर एकाच रोपाला त्यानं तीन नावं सांगितली, आणि वर म्हणे, अननसाच्या कुळातलं.

"मग फोडी कर," अक्का म्हणाल्या. माझा चेहरा बघितला आणि हातातला तांब्या खाली ठेवला.

उजेड उतरत होता. सगळीच उपटावी म्हणून मी वाकले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब. रांग मोडू नगं. त्याची हजेरी तुला येती न्हवं?"

"येते. दारापासून."

"म्या बी दारापासनंच काढली. म्हन."

दोन उपटलेली त्यांनी होती तिथंच परत टेकवली. मी अलीकडच्या कडेपासून म्हणू लागले. पहिलं रोप हुबळी हवं. हुबळी वीतभर रुंद, आणि हे तर बोटभर. पुढचंही जुळेना. मला रडूच आलं.

"आगं येडे, लावणी करताना माणूस मागं सरकतं. पैलं रोप पल्याड, भिताडापाशी."

भिंतीपाशी वीतभर रुंद हुबळी होतं. नाव कळलं की बादली की वारा, ते मला पाठ होतं. मग मी नाव घ्यायचे, अक्का उपटायच्या. हुबळी, बादलीत. दावणगिरी, बादलीत. शिरा, पंख्याखाली. तुमकूर... चिखल झटकून, बुडखा वर करून टांगलं. त्यानंतर रोज सकाळी मधलं पान हलकेच ओढून बघायचं. सुटून हातात आलं की रोप गेलं. शिराचं आलं. बेळगावचंही आलं. तुमकूरचं पान मी सगळ्यात शेवटी ओढून बघायचे. ते धरून राहिलं. पुढं त्याला जांभळं फूल आलं, उलटं टांगल्यामुळं जमिनीकडं तोंड करून. मी अक्कांच्या नातवाच्या मोबाईलवर फोटो पाठवला. अक्कांचा फोन आला, "बगितलं. आता माती घालू नगंस."

अजून सकाळी हजेरी मीच घेते. अण्णांसारखंच 'तुमकूर' जरा लांबवून म्हणते. दोन जागा रिकाम्या आहेत, तिथं क्षणभर थांबून पुढं जाते.

हिर्डोशीत एकानं दुसऱ्याच्या शेतात दिवस घातला की दुसरा त्याच्या शेतात घालतो, त्याला सावड म्हणतात. अक्का, तुमचा तो दिवस माझ्याकडं आहे. मी कापसाच्या मुलखातली, भात मला येत नाही, शिव्या खाईन. पण एखाद्या आषाढात एसटीनं येईन आणि तुमच्या खाचरात उतरून ती सावड फेडीन.