हनुवटीवरचं गोंदण

धुळ्याला देवपुरातला तो फोटोवाला मला एकदाच भेटला. नाव विचारायचं राहूनच गेलं. बायको जाऊन महिना झाला होता. तिचा एकटीचा एकही फोटो नव्हता, म्हणून पुतणीच्या लग्नातला घेऊन गेलो. त्यातली ती मोठी करून भिंतीवर लावायची होती.

दुकानात नवा कॉम्प्युटर. तरी हा गडी त्याच्या काचेवर फू फू करायचा, निगेटिव्हवरची धूळ उडवावी तसा. कशाला फुंकतोस म्हटलं, तर म्हणे, "आबा, तोंडाला सवय पडली."

फोटो सुधारायचं काहीतरी जोडसामान त्याला कुणी वापरून बघायला दिलं होतं. प्लग-इन म्हणायचा त्याला. विकत घ्यावं की नाही, त्याचं ठरत नव्हतं.

"तुमच्याच फोटोवर बघू, आबा."

त्यानं बटण दाबलं. बायकोचं तोंड घासल्या ताटासारखं झालं. हनुवटीवरचं गोंदणही गेलं.

"हाई कोन बाई शे?" मी म्हणालो.

"डाग काढले, आबा."

"डाग नही रे येड्या, गोंदण शे ते. बाई मरी गयी का बठ्ठा दागिना काढी लेतस. गोंदण तेवढं संगे जास."

त्यानं दुसरं बटण दाबलं, आणि गोंदणासकट माझी बायको परत आली.

"मग घेऊ की नको हे?"

"नको लेऊ," मी म्हणालो. "पन अजून एकदाव तिले घालव, आन् परत लई ये."

त्यानं बटण दाबलं. काचेवर फू केलं, आणि आणली.